डिस्कसची टाकी : आधी पाणी तयार करा, मासा नंतर विका

शोभेच्या माशांचा धंदा आता मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपुरता किंवा कुर्ल्याच्या बाजारापुरता राहिलेला नाही. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, सोलापूर अशा ठिकाणीही काचेच्या टाक्यांची दुकाने दिसतात. एका टाकीला किती जणांचे हात लागतात ते पाहा. काच कापणारा, अँगलचा स्टँड जोडणारा वेल्डर, खालचे कपाट करणारा सुतार, प्लग-बोर्ड बसविणारा वायरमन आणि शेवटी मासे विकणारा दुकानदार. यातील बरेच हात आपल्याच बिरादरीचे आहेत. म्हणून डिस्कस या माशाच्या टाकीविषयी आम्ही आज सविस्तर लिहीत आहोत. छंद म्हणून नव्हे, तिजारतीचा विषय म्हणून.

डिस्कसच का? एक तर गोड्या पाण्यातील शोभेच्या माशांत तो महागांपैकी आहे. दुसरे असे की, या माशाच्या व्यवहारात ग्राहक जितका फसतो तितका गोल्डफिशच्या व्यवहारात फसत नाही. रविवारी ग्राहक दुकानात येतो. ताटलीसारखा गोल, लाल-निळा मासा पाहून भाळतो. संध्याकाळपर्यंत टाकी, हीटर, फिल्टर आणि सहा मासे असा सगळा माल त्याच्या घरी पोहोचतो. दुकानदार खूश, ग्राहक खूश. आठ-दहा दिवसांत मासे काळे पडतात, कोपऱ्यात तोंड घालून उभे राहतात, खाणे सोडतात आणि एकेक करून मरतात. ग्राहक म्हणतो मासे आजारी दिले. दुकानदार म्हणतो तुमच्या नळाचे पाणी खराब. टाकी बनविणाऱ्यालाही फोन जातो की सिलिकॉनमध्ये काही विषारी होते काय! प्रत्यक्षात मासेही ठीक होते, काचही ठीक होती. टाकी तयार व्हायला महिना लागतो, ही एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

मासा कोठला, पाणी कोठले

डिस्कस मूळचा दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी 1840 मध्ये रिओ नेग्रो नदीतील माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. जंगलातील कुजलेल्या पानांमुळे तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. ते आम्लधर्मी असते आणि त्यात क्षार जवळजवळ नसतातच. ही माहिती पुस्तकांतून दुकानांत पोहोचली आणि तिच्यातून एक गैरसमज रूढ झाला. डिस्कसला आम्लाचे पाणी लागते, असे सांगून दुकानदार पीएच उतरविण्याच्या बाटल्या विकतात. ग्राहक आज बाटली ओततो, पीएच खाली येतो, दोन दिवसांत पुन्हा वर जातो, तो पुन्हा ओततो. या चढउतारानेच मासा खचतो.

आपल्या बाजारात येणारा डिस्कस नदीतून पकडलेला नसतो. मलेशियातील पेनांग, थायलंड, सिंगापूर येथील संवर्धन केंद्रांत कित्येक पिढ्या वाढलेला किंवा आपल्याच देशात पैदास झालेला असतो. ‘पिजन ब्लड’ ही जात थायलंडमध्ये 1990 च्या सुमारास निघाली. ती अमेझॉनमध्ये सापडणारच नाही. अशा माशांना 6 ते 7.5 पीएचचे स्थिर पाणी चालते. आकडा अचूक असण्यापेक्षा तो रोज तोच असणे महत्त्वाचे. पिल्ले काढायची असतील तर मात्र मृदू पाणी लागते, कारण जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत.

मुंबई महानगरपालिकेचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून येते. ते मृदू असते आणि डिस्कससाठी त्याला फारसे काही करावे लागत नाही. फक्त क्लोरीन काढावा लागतो. पिंपात पाणी भरून त्यात चोवीस तास हवा सोडली की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरावे. फोटो स्टुडिओवाले ज्याला हायपो म्हणत तोच हा पदार्थ. शंभर लिटरला एक ग्रॅम पुरतो. हाच पदार्थ पाण्यात विरघळवून, निळा रंग घालून, बाटलीत भरून कितीतरी पट भावाने विकला जातो, हे धंद्यातल्या लोकांना ठाऊक असलेले बरे.

बोअरवेलच्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यात बहुधा क्षार जास्त, कधी खूपच जास्त. तेथे टीडीएस मीटरने मोजून आरओचे पाणी मिसळावे लागते. निव्वळ आरओचे पाणी भरू नये. त्यात काहीच क्षार नसल्याने पीएच कोणत्याही क्षणी कोसळू शकतो. शिवाय टाकीपर्यंत येणाऱ्या पाण्याच्या वाटेत तांब्याचे नळ किंवा पितळी भांडी ठेवू नयेत. माणसाला तांब्याचे पाणी चालते, माशाला, त्यातही मृदू पाण्यात, ते विष ठरते.

काच, स्टँड आणि वजन

सहा डिस्कससाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी धरावी. नऊ घनफूट म्हणजे सुमारे 255 लिटर. पूर्ण वाढलेल्या माशामागे चाळीस लिटर असा हिशेब ठेवला तर सहा मासे बरोबर बसतात. पंधरा ते वीस सेंटीमीटर व्यासाचा हा मासा उंच अंगाचा असतो. म्हणून उथळ टाकी त्याच्या कामाची नाही. एक-दोन मासेही ठेवू नयेत. दोन असले तर दांडगा मासा दुसऱ्याला जगू देत नाही, पाच-सहा असले की त्याची दांडगाई वाटली जाते.

या मापाला दहा मिलिमीटरची फ्लोट काच वापरावी. आठ मिलिमीटरमध्ये टाक्या बनतात आणि टिकतातही, पण वरच्या कडेला पट्ट्या आणि मध्ये आडवी पट्टी नीट लागली असेल तरच. दहा मिलिमीटरमध्ये नुसत्या काचेचे वजन पन्नास किलोच्या वर जाते. पाणी धरून तीनशे किलोचा भार होतो, त्यात स्टँड वेगळा. हा भार चार पायांवर येतो. तेव्हा जुन्या चाळीच्या लाकडी तक्तपोशीवर टाकी ठेवायची असेल तर ग्राहकाला स्पष्ट सांगावे की येथे नको. भिंतीलगत, तुळईच्या वर जागा शोधावी. स्टँड ठेवल्यावर पाणसळ लावून चारही बाजू पाहाव्यात. एका कोपऱ्यात दोन सूत फरक असला तरी भरल्यावर तो काचेवर येतो. स्टँड आणि टाकी यांच्यामध्ये थर्माकोलची शीट अवश्य घालावी. वेल्डिंगचा एक बारीक मणी वर राहिला तर तेवढ्याने तळाची काच तडकते.

सिलिकॉनच्या बाबतीत आमचे कारागीर कधी कधी काटकसर करतात. न्हाणीघर व बेसिनसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते. ते टाकीला चालत नाही. मत्स्यालयासाठी म्हणून मिळणारे शुद्ध सिलिकॉनच घ्यावे. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो तो हाच. कडा स्पिरिटने पुसून, हाताचा स्पर्श न होऊ देता सिलिकॉन भरावे आणि एका काचेचा सांधा एका दमात पुरा करावा. वास पूर्ण जाईपर्यंत टाकी कोरडी ठेवावी. एवढ्या जाडीच्या काचेला आठवडा द्यावा. मग काठोकाठ भरून दोन दिवस कारखान्यातच उभी करावी. गळती तेथे दिसलेली बरी, ग्राहकाच्या गालिच्यावर नव्हे.

तळाला वाळू-खडे घालावेत का? लहान मासे वाढवायचे असतील तर नकोत. उघड्या तळावर विष्ठा व उरलेले खाणे दिसते आणि नळीने ओढून काढता येते. दिवाणखान्यातील टाकीला शोभा हवी असेल तर बारीक वाळूचा अर्ध्या इंचाचा थर पुरे. संगमरवराचे तुकडे, शंख-शिंपले, प्रवाळ मात्र घालू नयेत. त्यातून चुना सुटतो आणि पाणी जड होते. हिरवी झाडे हवी असतील तर अनुबियास, जावा फर्न अशी उष्णता सोसणारी घ्यावीत.

टाकी ‘पिकते’ म्हणजे काय

आता मुख्य गोष्ट. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साचतो. अमोनिया थोडा जरी वाढला तरी माशाचे कल्ले जळतात. निसर्गाने याची सोय केली आहे. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. ते रक्तात शिरले की रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, मासा पाण्यात असूनही गुदमरतो. नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य, ते पाणी बदलून कमी करता येते.

हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर, दगडांवर थर करून राहतात. नव्या कोऱ्या टाकीत ते जवळजवळ नसतात आणि ते फार सावकाश वाढतात. दह्याचे विरजण रात्रीत लागते, यांना चार ते सहा आठवडे लागतात. पाणी स्वच्छ, नितळ दिसते म्हणून टाकी तयार आहे असे समजू नये. विषारी अमोनियाचे पाणीही तितकेच नितळ दिसते.

डिस्कसच्या बाबतीत धोका अधिक आहे. त्याला 28 ते 30 अंश सेल्सिअस उष्णता लागते. उष्ण पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो आणि प्राणवायू कमी विरघळतो. पीएचचाही यात मोठा वाटा आहे. पीएच 7 ऐवजी 8 असेल तर त्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणजे बोअरवेलच्या पाण्यावर नवी टाकी भरून त्यात त्याच दिवशी डिस्कस सोडणे म्हणजे त्याला मारण्यासाठीच सोडणे.

मासा न घालता टाकी पिकविता येते. अमोनिया आपणच घालायचा. आमच्या कल्हईवाल्या बांधवांना जो नवसागर ठाऊक आहे, तोच अमोनियम क्लोराइड यासाठी उपयोगी पडतो. फक्त कल्हईचा नवसागर वापरू नये, त्यात इतर धातूंची भेसळ असू शकते. रसायनांच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घ्यावा. 255 लिटरच्या टाकीत दीड ग्रॅम टाकला की अमोनिया सुमारे 2 पीपीएम होतो. हीटर 28 अंशांवर, फिल्टर आणि हवा चालू, दिवा बंद. मग रोज किंवा एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट या दोन्हींची चाचणी करायची. चाचणीच्या बाटल्या मिळतात. एका माशाच्या किमतीत त्यांनी कितीतरी चाचण्या होतात.

पहिला आठवडा, कधी दीड आठवडा, काहीच घडत नाही. ग्राहक इथेच कंटाळतो. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट दिसू लागते. अमोनिया संपला की पुन्हा तेवढाच नवसागर घालावा, नाहीतर जीवाणू उपाशी मरतील. नायट्राइट खूप वर जाते, दोन-दोन आठवडे तेथेच अडते, आणि मग एके दिवशी खाली येते. मुंबईसारख्या मृदू पाण्यात या काळात पीएच घसरून 6.5 च्या खाली जातो आणि काम मंदावते. अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की गाडी पुन्हा चालू लागते.

टाकी पिकल्याची खूण एकच. आज संध्याकाळी 2 पीपीएम अमोनिया घातला आणि उद्या संध्याकाळी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले. लागोपाठ दोन-तीन दिवस असे झाले की जवळजवळ सर्व पाणी काढून ताजे, क्लोरीन नसलेले, त्याच उष्णतेचे पाणी भरावे आणि दुसऱ्या दिवशी मासे आणावेत. तेव्हा आठवडा दवडू नये.

लवकर पिकविण्याचा एक मार्ग आहे. निरोगी, जुन्या चालत्या टाकीतला स्पंज फिल्टर उचलून नव्या टाकीत लावला की काम काही दिवसांत होते. दुकानदाराला हे सहज जमते. त्याने पाच-सहा जादा स्पंज आपल्या निरोगी टाकीत कायम चालू ठेवावेत आणि नव्या ग्राहकाला टाकीबरोबर एक पिकलेला स्पंज द्यावा. त्याचे पैसेही रास्त घ्यावेत. मात्र ज्या टाकीत गेल्या महिन्यात रोग आला होता, तिचा स्पंज देणे म्हणजे रोग विकणे. बाजारात जीवाणूंच्या बाटल्याही मिळतात. काहींचा उपयोग होतो, काहींत नुसते पाणी असते. बाटली ओतली तरी चाचणी चुकवू नये.

स्पंज धुताना तो नळाखाली धरू नये. क्लोरीनने महिन्याची कमाई एका मिनिटात जाते. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. दोन स्पंज ठेवून आलटून पालटून धुवावेत.

वीज

तीनशे वॉटचा एक हीटर लावण्यापेक्षा दीडशे वॉटचे दोन लावावेत. हीटर बिघडला की बरेचदा तो चालूच राहतो, बंद होत नाही. एकटा मोठा हीटर रात्रीत सारे मासे शिजवून टाकील. दोन्ही मिळून दिवसातून सरासरी आठ तास चालले तर अडीच युनिटांच्या आसपास वीज जाते. उन्हाळ्यात मुंबईत फार कमी, डिसेंबरात मालेगाव-औरंगाबादकडे (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) जास्त. हा खर्च ग्राहकाला आधी सांगावा. बिल आल्यावर हीटर बंद करणारे आहेत आणि मग मासे आजारी पडतात. वायरमनने अर्थिंग तपासल्याशिवाय आणि गळतीचा करंट तोडणारा स्विच बसविल्याशिवाय टाकी चालू करून देऊ नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे.

वीज गेली तर उष्णतेची चिंता नंतर, आधी हवेची. अडीचशे लिटर पाणी लगेच थंड होत नाही, प्राणवायू मात्र कमी होऊ लागतो आणि फिल्टरमधील जीवाणूही त्याच्यावाचून मरतात. घरी इन्व्हर्टर असेल तर हवेचा पंप त्यावर टाकावा, त्याला जेमतेम चार-पाच वॉट लागतात. नसेल तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवावा.

मासा निवडणे

दुकानात मासा खाताना पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुकानदाराने स्वतःहून खाऊ घालून दाखवावे. अंग गोल असावे, लांबट नको. डोळा अंगाच्या मानाने मोठा दिसत असेल तर तो मासा खुरटलेला आहे, तो वाढणार नाही. दोन्ही कल्ले सारखे हलावेत. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्याच्या विकाराची शंका घ्यावी. आणि दोन इंचाचे पिल्लू मोठ्या माशासारखे भडक रंगाचे दिसले तर सावध व्हावे. खाण्यातून संप्रेरके देऊन असा रंग आणतात. तो काही आठवड्यांत उतरतो आणि अशा माशाची पुढे पैदास होत नाही.

सोबतीला काय ठेवावे? कार्डिनल टेट्रा आणि स्टर्बाय कोरीडोरास ही उष्णता सोसतात. गोल्डफिश थंड पाण्याचा. एंजल मासा दिसायला भाईबंद, पण तो खाणे हिसकावतो आणि स्वतः आजारी न दिसता रोग आणतो. साधा प्लेको ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जातो. तो रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर ओरबाडतो.

लांबून विमानाने पिशवीत आलेल्या माशांबाबत एक बारकावा. बंद पिशवीत कर्बवायूमुळे पीएच खाली गेलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया तितका बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. तेव्हा पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी मिसळत बसू नये. बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून उष्णता सारखी करावी, मग मासे उचलून स्वच्छ पाण्यात सोडावेत आणि पिशवीचे पाणी फेकून द्यावे. आधीपासून मासे असतील तर नव्यांना चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे.

खाण्यात डिस्कस चोखंदळ आहे. जगभरचे संवर्धक जनावराच्या हृदयाचे मिश्रण देतात. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, तेव्हा मटणवाल्याकडे मिळणारे बकऱ्याचे किंवा म्हशीचे दिल घ्यावे. त्याची चरबी आणि पांढऱ्या शिरा पूर्ण काढाव्यात, सोललेली कोळंबी आणि थोडा पालक घालून बारीक वाटावे, पिशवीत पातळ थापून गोठवावे आणि रोज तुकडा मोडून द्यावा. दहा मिनिटांत खाल्ले जाईल तेवढेच. मांसाने पाणी लवकर घाण होते, म्हणून ज्याला पाणी बदलण्याचा कंटाळा त्याने चांगल्या प्रतीचे दाणेच द्यावेत. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स किडे स्वस्त मिळतात, पण त्यांच्याबरोबर रोगही घरात येतो.

पाणी आठवड्याला तिसरा हिस्सा तरी बदलावे, लहान माशांना त्याहून पुष्कळ अधिक. नायट्रेट 20 पीपीएमच्या आत ठेवावे. जुम्म्याची सुट्टी असणाऱ्यांनी तोच दिवस नेमून घ्यावा. काढलेले पाणी मोरीत सोडणे हा इसराफ आहे. त्यात नायट्रेट असल्याने कुंडीतील झाडांना ते खतासारखे मानवते.

धंद्याचा हिशेब

आता दुकानदार विचारील की ग्राहकाला महिनाभर थांबविले तर तो दुसऱ्या दुकानात जाईल. काही जातील. पण हिशेब मांडून पाहा. समजा, सहा मासे प्रत्येकी दीड हजाराचे, म्हणजे नऊ हजार. ते दहा दिवसांत मेले तर ग्राहक एकदा भांडतो, टाकी गच्चीवर टाकतो आणि पुन्हा येत नाही. त्याच्याकडून पुढे ना खाणे विकले जाते, ना फिल्टरचा स्पंज, ना दुसरी टाकी. तेच मासे जगले तर तो दर महिन्याला काही ना काही घेतो आणि त्याच्या घरी आलेला पाहुणा त्याच्याच दुकानाचा पत्ता विचारतो. टाकी आज, मासे महिन्याने, असा दोन टप्प्यांचा सौदा करावा. पावतीवर दोन्ही तारखा लिहाव्यात. मधल्या महिन्यात दोन वेळा घरी जाऊन पाणी तपासण्याची मजुरी वेगळी लावावी. ही मजुरी हक्काची आहे आणि एखाद्या होतकरू मुलाला त्यातून काम मिळते. आठवड्याला पाणी बदलून देण्याचे दहा घरांचे काम बांधून घेतले तर भांडवलाशिवाय रोजी सुरू होते. लागते काय, तर एक नळी, बादल्या आणि चाचणीच्या बाटल्या.

दिनी बाजूनेही दोन गोष्टी येथे लागू पडतात. पाण्यातल्या माशाच्या विक्रीसंबंधी फिकहच्या किताबांत स्वतंत्र चर्चा आहे. तळ्यात फिरणारा, अजून न पकडलेला मासा विकणे जायज नाही, कारण काय आणि किती मिळेल हे ठाऊक नाही. यालाच गरर म्हणतात. हनफी फकीहांच्या मते मासा लहान बंदिस्त जागेत असेल आणि खटपट न करता काढून देता येत असेल तर सौदा दुरुस्त आहे. काचेच्या टाकीतला मासा या दुसऱ्या प्रकारात येतो. पण ‘पुढच्या खेपेत येणाऱ्या पेटीतले सहा मासे, जसे निघतील तसे’ अशा सौद्याविषयी आपल्या आलिमांना विचारूनच पुढे जावे. दुसरी गोष्ट ऐब लपविण्याची. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणारी प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस व्यापाऱ्यांना परिचित आहे. संप्रेरकाने रंगविलेले पिल्लू हे वरून कोरडे, आतून ओले धान्यच होय.

मासे पाळणे हाच मुळी इसराफ नाही काय, असे कोणी विचारतात. लहानग्या अबू उमैरच्या पाळीव पक्ष्याची प्रेषितांनी (स.) प्रेमाने चौकशी केल्याची हदीस आहे आणि त्यावरून उलमांनी जीव पाळण्याची परवानगी काढली आहे, त्याची देखभाल नीट होत असेल तर. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तितकीच प्रसिद्ध आहे. कोंडलेल्या जिवाचे अन्नपाणी कोंडणाऱ्याच्या जिम्म्यावर असते आणि माशाच्या बाबतीत पाणी म्हणजे त्याची हवासुद्धा.

ज्यांची टाकी वर्षभर नीट चालली त्यांना पुढची पायरी मोकळी आहे. सहा मासे एकत्र वाढविले की त्यांतून जोडी आपोआप जमते. ती उभ्या कौलावर किंवा मातीच्या शंकूवर अंडी घालते. आमच्या कुंभार बांधवांनी असे शंकू चाकावर काढून दिले तर तेही विकले जातील, फक्त त्यांवर चकाकीचा लेप नको. उष्ण पाण्यात अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात. पिल्ले पोहू लागली की ती आई-बापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. नर आणि मादी आळीपाळीने पिल्लांना आपल्या अंगावर घेतात. याच कारणाने डिस्कसची पैदास कठीण आणि त्याची किंमत टिकून आहे. पिल्ले पाच-सात दिवसांची झाली की आर्टेमिया सुरू करावा. केंद्र सरकारने 2020 मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरच्या परसातील शोभेच्या माशांच्या केंद्रासाठी तीन लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान होते. घरच्या महिलेच्या नावाने अर्ज करण्याचा विचार असेल तर योजनेची आजची स्थिती, लागणारी कागदपत्रे आणि अर्जाबरोबर बँकेचे कर्ज सक्तीचे आहे की नाही, या तिन्ही गोष्टी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचाराव्यात, दलालाकडून नव्हे.